बाल्कनी फूटभर वाढवताना

अनेक आशीर्वाद.

एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर, पुन्हा राहिला आणि ‘हे गणित पुढे कुणी वापरतं तरी का?’ असं तू चिडून विचारलंस. खरं ते सांगतो. मी पंचवीस वर्षं इमारतींचं स्ट्रक्चरल डिझाइन करतोय आणि हाताने इंटिग्रेशन शेवटचं कधी केलं, ते आठवत नाही. दिवसभर बेरजा, गुणाकार, फुटांचे मीटर. सळईचं वजन काढायला व्यासाचा वर्ग भागिले 162. 12 मिलिमीटरची सळई मीटरला 0.89 किलो, फिटरलाही हे तोंडपाठ असतं. (तो 162 येतो कुठून, ते एकदा काढून बघ. पोलादाची घनता, घनमीटरला 7850 किलो, आणि वर्तुळाचा पाय (π), दोन्ही त्यात सापडतील.)

पण परवा एक घरमालक आले. बाल्कनी 4 फुटांची होती. “फूटभर वाढवा, स्लॅबची जाडी तेवढीच ठेवा.” कॅन्टिलिव्हरमध्ये, म्हणजे एकाच टोकाला आधार असलेल्या अशा स्लॅबमध्ये, मोमेंट (वाकवणारा जोर) लांबीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे इथे दीडपटीहून जास्त. टोकाचं वाकणं तर चौथ्या घाताने. 1.25 चा चौथा घात म्हणजे जवळजवळ अडीच! एका फुटात अडीचपट. वाकण्याचं ते समीकरण तुझ्या एम-थ्रीतल्यासारखंच डिफरन्शियल इक्वेशन आहे; चार वेळा इंटिग्रेट केलं की लांबीचा चौथा घात येतो. विद्यार्थी असताना ते स्वतः सोडवलं होतं, म्हणून ‘फूटभर’ ऐकताच मनात धस्स झालं. नाही म्हणालो, आणि का नाही तेही त्यांना पटवता आलं.

सॉफ्टवेअर आहेच की, असं तू म्हणशील. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दोन्ही टोकांना टेकलेल्या 4 मीटरच्या एका साध्या बीमवर नऊ इंची भिंतीचं वजन टाकायला विसरलो. संगणकाने मोमेंट 16 किलोन्यूटन-मीटर दाखवला, मी ड्रॉइंग पुढे दिलं. आमच्या वरिष्ठांनी त्याच कागदामागे पेन्सिलीने लिहिलं: भिंतीसकट मीटरला 20 किलोन्यूटन, गुणिले 4 चा वर्ग, भागिले 8. चाळीस. ते मला काही बोलले नाहीत, कागद फक्त माझ्यापुढे सरकवला. त्या दिवसापासून हाताने ताळा केल्याशिवाय मी ड्रॉइंगवर सही करत नाही.

शनिवारी एका बाल्कनीचा स्लॅब भरायचाय. तिथे मुख्य सळया वरच्या बाजूला असतात आणि काँक्रीट ओतताना माणसांच्या पायांखाली दबतात. स्लॅबच्या तळापासून सळयांपर्यंतचं अंतर 100 मिलिमीटरच्या जागी 75 उरलं, तर ताकद किती घटेल, ते घरी काढून ये. टेपही आण, मोजायचं तूच.



तुझा,
काका