वाचकांचे प्रश्न : सिंफनी ऑर्केस्ट्राच्या ग्रंथपालपदासाठी अर्ज

प्रश्न : मी ग्रंथालयशास्त्राची पदवीधर असून आठ वर्षे एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते आहे. एका हौशी वाद्यवृंदात दुसऱ्या व्हायोलिनच्या गटात नियमित वाजवते. एका व्यावसायिक सिंफनी ऑर्केस्ट्राने सहायक ग्रंथपालाची जागा जाहीर केली असून मुलाखतीबरोबर प्रात्यक्षिक चाचणीही होणार आहे. माझा अनुभव तिथे ग्राह्य धरला जाईल का आणि अर्जात कशावर भर द्यावा?
– एक वाचक

उत्तर : अर्ज अवश्य करा, मात्र त्यात पदवीपेक्षा दुसऱ्या व्हायोलिनच्या त्या खुर्चीला अधिक जागा द्या. महाविद्यालयात वाचक पुस्तकापाशी येतो. इथे तालीम सुरू होण्याआधी प्रत्येक स्टँडवर बरोबर पार्ट (एका वाद्यापुरती लिहिलेली स्वरलिपी), बरोबर क्रमाने, वाजवण्यायोग्य अवस्थेत ठेवलेला असावा लागतो. खुणा न दिसणारा किंवा अडचणीच्या जागी उलटावा लागणारा पार्ट समोर आला की काय होते, हे तुम्ही वादक म्हणून अनुभवले असणारच. तो अनुभव अर्जात ठोस शब्दांत उतरू द्या. ‘मला संगीताची आवड आहे’ हे वाक्य गाळले तरी चालेल, कारण ते प्रत्येक अर्जात असते.

कामाचा आवाका एका उदाहरणाने सांगतो. मोठ्या वाद्यवृंदात तंतुवाद्यांची संख्या (पहिली व्हायोलिन, दुसरी व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बास या क्रमाने) बहुधा 16, 14, 12, 10 आणि 8 अशी, म्हणजे एकूण 60 असते आणि दोघांत एक स्टँड असल्यामुळे पार्ट 30 लागतात. गज कुठे खाली ओढायचा आणि कुठे वर न्यायचा हे कॉन्सर्टमास्टर (पहिल्या व्हायोलिनचा प्रमुख वादक) आणि प्रत्येक गटाचे प्रमुख ठरवतात. त्या खुणा गटातल्या सर्व प्रतींवर मऊ पेन्सिलीने, ठळक आणि एकसारख्या उतरवणे हे ग्रंथपालाचे काम. चौथ्या स्टँडच्या प्रतीत एक खूण उलटी पडली, तर बाकी सगळे गज खाली येत असताना दोनच वर जातात आणि ते सभागृहातूनही दिसते. भाड्याने आणलेले संच परत करताना खुणा खोडाव्या लागतात, म्हणून शाई वापरायची नाही.

चाचणीत साधारणपणे मुद्रितशोधन असते: स्कोअर (सर्व वाद्यांची एकत्र स्वरलिपी) आणि पार्ट शेजारी ठेवून गळलेले शार्प-फ्लॅट (स्वर चढवण्या-उतरवण्याच्या खुणा), न बदललेला क्लेफ (ओळींवरचे स्वर ठरवणारे चिन्ह), 24 ऐवजी 23 बारांचा (स्वरलिपीतल्या तालाच्या खंडांचा) छापलेला विराम अशा चुका शोधायच्या. शेवटची चूक सर्वांत घातक, कारण तो वादक निर्धास्तपणे एक बार आधी शिरतो. स्वरांतरणही, म्हणजे पार्ट दुसऱ्या पट्टीत लिहिणेही, विचारतात. ‘ई’मधल्या हॉर्नचा पार्ट ‘एफ’मध्ये लिहायचा तर प्रत्येक स्वर अर्ध्या स्वराने खाली येतो, हे हाताने न अडखळता लिहिता आले पाहिजे. व्हायोलिनवादकांना या भागाची सवय नसते, त्यामुळे तयारीचा सर्वाधिक वेळ इथेच द्या. सिबेलियस किंवा डोरिको यांपैकी एक स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर येणेही आता गृहीत धरले जाते.

मुलाखतीत प्रसंग मांडले जातात. उदाहरणार्थ, कंडक्टरने बेथोव्हेनच्या सिंफनीची जोनाथन डेल मार यांनी संपादित केलेली बेरेनरायटर आवृत्ती आणली आणि वादकांकडे जुन्या आवृत्तीचे पार्ट आहेत, तर तुम्ही काय कराल? आधी कंडक्टरला कोणती आवृत्ती हवी ते फार पूर्वीच विचारलेले असावे. तरीही वेळ आलीच, तर दोन्हींतला फरक तपासून दुरुस्त्या आणि तालमीची अक्षरे (तालमीत कुठून सुरू करायचे ते सांगणाऱ्या खुणा) पार्टमध्ये उतरवावीत. द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीत ट्यूबा फक्त दुसऱ्या भागात वाजतो, अशा वाद्यसंख्येच्या तपशिलांवरही प्रश्न येतात, कारण वादक नेमणाऱ्यांना ही माहिती ग्रंथपालच पुरवतो.

तुमचा आठ वर्षांचा अनुभव वाया जाणार नाही. तालिका, देवघेवीची नोंद, भाडेकरारांच्या तारखा हे सारे इथेही लागते. अर्जात त्याला एक परिच्छेद पुरे. 1983 मध्ये स्थापन झालेल्या ‘मोला’ या वाद्यवृंद-ग्रंथपालांच्या संघटनेच्या पार्ट-तयारीविषयीच्या मार्गदर्शक सूचना खुल्या उपलब्ध आहेत, त्या चाचणीपूर्वी वाचा. आणि तुमच्या हौशी वाद्यवृंदाच्या पुढच्या कार्यक्रमाचे दुसऱ्या व्हायोलिनचे सगळे पार्ट स्वतः मागून घेऊन खुणा करा. त्यातल्या एका पानाची स्वच्छ छायाप्रत, अर्जाच्या नियमांत बसत असेल तर, सोबत जोडा.