परधर्मी जावई गणपतीला गावी येतोय? काय बोलून घ्यायचं, काय वेगळं ठेवायचं

जावई मुसलमान किंवा ख्रिस्ती, आणि पहिल्यांदाच गणपतीला तुमच्या रत्नागिरीकडच्या घरी येणार. अशा वेळी बरीच घरं एकच घोटाळा करतात. गावी आजोबांना फोनवर सांगून टाकतात, ‘तो आपलं सगळं मानतो.’ मग आरतीला अख्खी वाडी जमलेली असताना जावई हात जोडत नाही आणि दोघंही दुखावतात. खरं काय ते निघण्याआधीच सांगा: तो देवाचा मान राखील, पूजा करणार नाही. आजोबांनी आपली श्रद्धा तसूभरही कमी करायची नाही. फक्त त्याच्या वतीने काही ठरवायचं नाही.

सगळ्यात नाजूक जागा स्वयंपाकघर. देवाला दाखवलेलं अन्न बरेच मुसलमान आणि काही ख्रिस्ती खात नाहीत. आपल्याकडे मात्र सगळ्यांना प्रसाद मिळावा म्हणून पानातला नैवेद्य पुन्हा पातेल्यात मिसळतात, आणि तिथेच पाहुण्याची पंचाईत होते. पानाभोवती पाणी फिरवून झालं की ते पान वेगळं ठेवा, मोदकपात्रातल्या मोदकांत त्यातला एकही परत टाकू नका. नैवेद्याआधी कुणी उष्टं करायचं नाही हा आजीचा नियमही यात मोडत नाही. वाढताना सरळ सांगा, ‘हे पानातलं, हे पातेल्यातलं.’ एखाद्याला पातेल्यातलंही चालणार नाही. त्याच्यासाठी नैवेद्याला न ठेवलेली केळी, शहाळं असू द्या. ‘एक तरी मोदक घ्याच’ हा आग्रह इथे नको.

गौरीला तुमच्याकडे वडे-सागोती होत असेल तर मुसलमान पाहुण्याला हलालच लागेल, हे लक्षात ठेवा. तशी सोय नसेल तर काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे उत्तम.

गाऱ्हाण्यात, म्हणजे देवापुढे घरासाठी मागणं मागताना, घरातल्यांची नावं घेतात. जावयाचं घ्यायचं का, हे त्यालाच आधी विचारा. सगळ्यांबरोबर ‘होय महाराजा’ न म्हणता तो शांत उभा राहिला तरी काही बिघडत नाही. ग्रामदेवतेच्या देवळात कुठपर्यंत जायचं ते गुरवाला विचारा आणि तो सांगेल ते ऐका.

नातवंडं विचारणारच, खरा देव कुणाचा? ‘सगळं एकच’ म्हणून त्यांची बोळवण करू नका. एका घरी मूर्तीपुढे हात जोडतात, दुसऱ्या घरी मूर्ती चालत नाही, हे त्यांना दिसत असतं. ‘आई गणपतीला मानते, बाबा अल्लाला मानतात, आणि दोघंही मनापासून मानतात,’ असं सांगा.

वेगळा धर्म पाळणारे शेजारी कोकणाला नवे नाहीत. अलिबागकडे गेलात तर मुलांना तिथल्या खंडाळा गावातला खडक दाखवा (लोणावळ्याजवळचा खंडाळा नव्हे). प्रेषित एलियाहू तिथून रथातून स्वर्गाला गेला अशी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांची श्रद्धा आहे. त्याच्या नावाने ते गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं घालून मलिदा करतात. तेल गाळणारी ही माणसं घरात मराठी बोलायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची. गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं आणि तेल बाकीच्या दिवशी घेतलं.