पन्नास माणसांची मिसळ

घरच्या वाढदिवसाला पन्नास माणसं येणार आणि खर्चही आवरायचाय, तर चार पदार्थांच्या मागे लागू नका. मिसळ करा. निम्मं काम आदल्या दिवशीच उरकतं.

पन्नास जणांना तीन किलो कोरडी मटकी पुरते. दोन दिवस आधी सकाळी भिजत घाला, रात्री उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधा. उन्हाळ्यात सकाळपर्यंत मोड येतात, थंडीत जास्त वेळ धरा. मोडाची विकत आणू नका, फार महाग पडते.

खरी मेहनत कटाची. कांदा-खोबरं मंद आचेवर खरपूस, तांबूस होईपर्यंत भाजा. इथे घाई केलीत तर नंतर कितीही मसाला ओता, चव येणार नाही. वाटण तेल सुटेपर्यंत परता, मग कडकडीत गरम पाणी घाला. कट मध्यम तिखट ठेवा आणि झणझणीत तर्री वेगळ्या भांड्यात, म्हणजे लहान मुलं आणि आजी-आजोबाही पोटभर जेवतात.

पाव माणशी तीन, म्हणजे सहाच्या पंचवीस लाद्या. बेकरीत आधी सांगून ठेवा. फरसाण अडीच किलो, सुटं घ्या. सोबत मठ्ठा, गोडाला केक आहेच. मोठं पातेलं भाड्याने मिळतं.

वाढताना फरसाणाचा डबा मात्र घरच्याच कुणाच्या तरी हातात द्या. ज्याने त्याने घ्यायचं ठेवलंत, तर पहिल्या पंगतीतच संपतं.