नेमबाजी शंका-समाधान : स्कोप घेताना आधी टरेट बघा

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो. माझी रायफल ६.५ क्रीडमोर आहे आणि यंदापासून पीआरएसचे (प्रिसिजन रायफल सिरीज, लांब पल्ल्याची नेमबाजी) सामने खेळायचे आहेत. नाइटफोर्स एटीएसीआर ५-२५×५६, व्हॉर्टेक्स रेझर जेन टू ४.५-२७×५६, ल्यूपोल्ड मार्क ५एचडी ५-२५×५६ आणि काहलेस के५२५आय यांत ठरत नाहीये. की थांबून, पैसे साठवून टँजेंट थीटा किंवा झीरो कॉम्प्रोमाइझच घ्यावा? काच कोणाची सर्वांत चांगली?

उत्तर : काचेपासून सुरुवात करू नका. तुम्ही नावं घेतलेल्या सगळ्या स्कोपमधून १,००० यार्डांवरच्या स्टीलच्या पाटीवर गोळी कुठे बसली ते दिसतं. टँजेंट थीटा आणि झीरो कॉम्प्रोमाइझ यांचं चित्र जास्त स्वच्छ असतं हे खरं, पण तो फरक कलत्या उजेडात, सावलीतल्या पाटीवर जाणवतो. भर दुपारी जमिनीवरून मिराज (तापलेल्या हवेची थरथर) उठू लागला की सगळ्यांची काच जवळपास एकाच पातळीवर येते.

टरेट, म्हणजे नेम वर-खाली सरकवायची स्कोपवरची फिरती चकती, मात्र प्रत्येक गोळीला हातात असतो. एका फेऱ्यात किती मिल (मिल म्हणजे अंतराच्या हजाराव्या भागाइतका कोन) मिळतात ते आधी बघा : रेझर जेन टू १०, मार्क ५एचडी १०.५, एटीएसीआर १२, टँजेंट थीटा आणि झीरो कॉम्प्रोमाइझ १५. तुमच्या काडतुसाला १,००० यार्डांवर साधारण ८ ते ९ मिल लागतात, म्हणजे यांतला कोणताही टरेट एका फेऱ्यात काम भागवतो. उद्या हाच स्कोप .३०८ काडतुसाच्या रायफलवर चढवलात तर ११-१२ मिल लागतील आणि १० मिलचा टरेट दुसऱ्या फेऱ्यात जाईल. ९० सेकंदांच्या स्टेजमध्ये (सामन्याच्या एका टप्प्यात) आपण कितव्या फेऱ्यात आहोत हे विसरायला क्षण पुरतो, आणि १० मिलची चूक म्हणजे त्या अंतरावर नऊ मीटर.

वजनाचं गणित शिकाऱ्यापेक्षा उलटं आहे. मार्क ५एचडी सुमारे ८५० ग्रॅम, रेझर जेन टू सुमारे १,३७५. पीआरएसमध्ये जड रायफल कमी उसळते, म्हणून आपली गोळी कुठे लागली ते आपल्यालाच दिसतं. तिथे रेझरचं वजन अडचणीचं नाही. खांद्यावर घेऊन डोंगर चढायचे असतील तर ल्यूपोल्ड.

रेटिकल (स्कोपमधल्या नेमाच्या रेघा) दुकानात २५ पटींवर बघून भुलू नका. स्टेजवर बहुतेक जण १२ ते १८ पटींत खेळतात. हे स्कोप फर्स्ट फोकल प्लेनचे, म्हणजे पट कमी केली की रेटिकलही बारीक होतं. १२ पटींवर ०.२ मिलच्या रेघा उजाड गवतावर आणि गडद झाडीवर, दोन्हीकडे वाचता येतात का ते बघा. इथेच अनेकांचा निर्णय बदलतो, आणि बदलावाही. काहलेसमध्ये पॅरॅलॅक्सचं चाक (लक्ष्य आणि रेटिकल एका पातळीत आणणारं) वरच्या टरेटखाली आहे आणि विंडेज, म्हणजे वाऱ्यासाठी नेम आडवा सरकवणारा टरेट, डाव्या बाजूला घेता येतो. उजव्या हाताच्या नेमबाजाला मूठ न सोडता वारा लावता येतो. ही सोय एकदा अंगवळणी पडली की सोडवत नाही.

फक्त सामने खेळायचे असतील तर आम्ही एटीएसीआर घेऊ, आणि चांगल्या अवस्थेतला वापरलेला रेझर जेन टू मिळाला तर त्यालाही नाही म्हणणार नाही. टँजेंट थीटासाठी जो फरक मोजाल, तो पहिल्या वर्षी काडतुसांवर घाला.

प्रश्न : मी मेलबर्नला असतो. .३०८ वर नवा, महागडा स्कोप बसवला. ३०० मीटरपर्यंत नेम चोख. ९०० मीटरवर वारा पडलेला असतानाही गोळ्या दीड-दोन विती उजवीकडे. स्कोप परत करू का?

उत्तर : अजून नाही. उजव्या पिळाच्या नळीतून सुटलेली गोळी फिरकीमुळे स्वतःच उजवीकडे सरकते. .३०८ ची गोळी ९०० मीटरवर जवळपास वीतभर. उरलेला दोष बहुधा तिरप्या बसलेल्या स्कोपचा आहे. या अंतराला तुम्ही सुमारे ११ मिल चढवता. रेटिकल एकच अंश उजवीकडे कललं असेल तर त्या ११ मिलमधले ०.१९ मिल आडवे जातात, म्हणजे १७ सेंटिमीटर. ३०० मीटरवर चढवणंच दीड मिलच्या आसपास, तिथे हा दोष एक सेंटिमीटरही भरत नाही. म्हणून तो लपून राहिला.

एकही गोळी न उडवता तपासा. टरेटपासून बरोबर १०० मीटर टेपनं मोजा. पावलांनी नको, कारण अंतर दोन मीटर चुकलं तर निकालात दोन टक्के खोट येते. तिथे ओळंबा सोडा आणि दोरीवर वर-खाली एक मीटर अंतराच्या दोन खुणा करा. रायफल शिकंज्यात घट्ट धरून रेटिकलची उभी रेघ दोरीशी जुळवा, मध्य वरच्या खुणेवर ठेवा आणि १० मिल वर चढवा. मध्य खालच्या खुणेवर यायला हवा. तो दोरीपासून बाजूला सरकला, तर स्कोपच्या आतच रेटिकल आणि टरेट जुळलेले नाहीत. तेव्हा परत करा. दोरी धरून ९८ सेंटिमीटरवर थांबला, तर हिशेबाच्या ॲपमध्ये दोन टक्क्यांची दुरुस्ती घालून चालवता येतं. शून्यावर परत आणल्यावर मूळ खुणेवर आलाच नाही, तर त्याला उपाय नाही.

मध्य दोरीवरून सरळ उतरला तर स्कोप निर्दोष आहे, बसवणं चुकलं. स्कोप धरणाऱ्या रिंगा सैल करा, दोरी बघून रेटिकल उभं करा आणि त्याच स्थितीत रायफलवर बुडबुड्याची पातळी लावा. वरचे स्क्रू तिरक्या क्रमानं, थोडेथोडे, टॉर्क रेंचनं कसा. साधारण २ न्यूटन-मीटर पुरतात, रिंग बनवणाऱ्यानं आकडा दिला असेल तर तोच पाळा. एक बाजू आधी पूर्ण कसली की नळी गोल फिरते आणि जुळवलेलं सगळं बिघडतं. जास्त आवळलं तर नळी दबते, पॅरॅलॅक्सचं चाक जड फिरू लागतं.

प्रश्न : मुलगी कोल्हापुरात १० मीटर एअर रायफल खेळते. गोळ्या एकत्र बसत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकांकडून चांगला स्कोप मागवावा का?

उत्तर : नको. या प्रकारात रायफलवर स्कोप चालतच नाही. ५० मीटरलाही नाही : कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधलं थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य डायऑप्टरवरच, म्हणजे बारीक भोकातून बघायच्या साइटवरच मिळवलं. आधी नळीच्या टोकाकडच्या साइटमधली रिंग बघा. लक्ष्याचा काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा, आणि डोळ्यापासून मीटरभर अंतरावरच्या रिंगेत तो ३ मिलिमीटरइतका दिसतो. रिंग ३.४ मिलिमीटरची असेल तर भोवतीचा पांढरा पट्टा इतका अरुंद होतो की काळं जरा हललं तरी कडेला टेकतं. मग मूल नेम धरून धरून दमतं आणि ट्रिगर ओढतं. ४.० ची लावून दहा-दहा गोळ्यांच्या चार मालिका मारू द्या. नंतर ०.२ नं मागे-पुढे करा. गोळ्यांचा पुंजका सर्वांत लहान येतो ती रिंग ठेवा, आणि गाल दर वेळी बटवर त्याच जागी टेकतो का हे प्रशिक्षकांना बाजूनं बघायला सांगा.