काकू, मालिकेत तुम्ही कोण?

समुपदेशक म्हणून मला गेल्या महिन्याभरात एकच प्रश्न चौथ्यांदा आला म्हणून आता लिहूनच टाकते. प्रश्न साधारण असा असतो, "मॅडम, सासूबाई सतत सिरियल बघतात आणि मग माझ्याशी तशाच वागतात, त्यांचं टीव्ही बघणं कमी कसं करू?" कधी सासूबाईंच्या जागी बायको असते आणि नवरा म्हणतो मालिका बघून बघून माझ्यावर संशय घेते, कधी लग्न ठरलेली मुलगी असते जिला सासर म्हटलं की पोटात गोळा येतो. मुद्दा एकच, मालिकेतलं लग्न आमच्या घरात शिरलंय, ते बाहेर काढून द्या.

दोन वर्षं मागे नाही, त्याच्याही आधीची, २०२२ ची गोष्ट सांगते. (नावं आणि ओळखू येतील असे तपशील बदललेत.) रेवती, वय तीस, अंधेरीला ऑफिस, घर भांडुपला. मेट्रोने घाटकोपर, तिथून लोकल, घरी पोचायला पावणेआठ-आठ. वन बीएचके, बेडरूममध्ये हे दोघं, हॉलमध्ये सासूबाई आणि हॉलमध्येच टीव्ही. ज्यांना मुंबईतलं चारशे स्क्वेअर फुटाचं घर माहितीये त्यांना पुढचं सांगायला नको, सात ते साडेदहा त्या घरात मालिका 'लावलेली' नसते, मालिका तिथे राहायलाच असते. तुम्ही बेडरूमचं दार लावा नाहीतर मोरीत जा, ती ढॅण-ढॅण म्युझिक तुमच्या मागे येतेच.

रेवती पहिल्या सेशनला म्हणाली, "मी घरात पाऊल टाकते तेव्हा टीव्हीवर ती संजना असते. आई एकदा तिच्याकडे बघतात, एकदा माझ्याकडे. मला कळतं ना मॅडम."

ज्यांनी 'आई कुठे काय करते' बघितली नाही (असं मराठी घर मला फार भेटलेलं नाही) त्यांच्यासाठी, २०१९ च्या डिसेंबरला सुरू झालेली स्टार प्रवाहवरची मालिका, अरुंधती ही घरासाठी राबलेली, गृहीत धरलेली बायको, अनिरुद्ध तिचा नवरा, आणि संजना त्याच्या ऑफिसातली, जिच्यात तो गुंततो. आता रेवती ऑफिसला जाणारी, केस कापलेली, जीन्स घालणारी. म्हणजे सासूबाईंच्या लेखी आपण संजना, हे तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. "तसं त्या कधी बोलल्या का?" विचारलं तर म्हणाली, "बोलायला कशाला पाहिजे, नजरेत दिसतं."

इथे माझी चूक सांगते, कारण अशा लेखांत आम्ही लोक आपल्या चुका सोयीने विसरतो. मी तिला नवऱ्याच्या मदतीने रोज तासभर टीव्ही बंद ठेवून बघा असं सुचवलं. चौथ्या दिवशी सासूबाई शेजारच्या घरी जाऊन मालिका बघायला लागल्या आणि आठवड्यात अख्ख्या विंगला कळलं की सुनेने टीव्ही बंद केलाय. रेवती माझ्यासमोर बसून रडली आणि मला मनातून फार लाज वाटली, कारण मीपण तिच्यासारखीच टीव्हीला गुन्हेगार धरून मोकळी झाले होते.

खरं तर मी शिकलेय ते वेगळं आहे. मी एकट्या माणसाकडे बघत नाही, घराकडे बघते. मरे बोवेन नावाचे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांचं म्हणणं असं की दोन माणसांतला ताण दोघांना पेलवेनासा झाला की ते तिसऱ्याला मध्ये ओढतात. तिसरा म्हणजे कधी मूल, कधी नणंद, कधी दारू. टीव्हीपण असू शकतो हे मला वीस वर्षं काम करून त्या आठवड्यात नीट दिसलं. मग मी तिघांनाही बोलावलं.

काकू, म्हणजे रेवतीच्या सासूबाई, येतील असं वाटलं नव्हतं. आल्या, नीट इस्त्रीची साडी, पिशवीत पाण्याची बाटली, आणि चेहऱ्यावर अगदी कोर्टात उभं राहिल्यासारखे भाव. निखिलने, म्हणजे रेवतीच्या नवऱ्याने, फोन उलटा करून मांडीवर ठेवला, म्हणजे तोही आला असं धरूया. हवापाण्याच्या गप्पा झाल्यावर मी टीव्ही किती वेळ बघता वगैरे काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "ही मालिका बघताना तुम्ही त्यात कोण असता?"

रेवती लगेच म्हणाली, "मी संजना. म्हणजे, यांच्यासाठी."

निखिल म्हणाला, "मी बघतच नाही."

काकू गप्प. बराच वेळ गप्प. अशा वेळी तोंड बंद ठेवायला मला दहा वर्षं लागली शिकायला, नवीन होते तेव्हा मी पटकन पुढचा प्रश्न टाकून मोकळी व्हायचे आणि हातातलं घालवायचे. खालून रानडे रोडवरच्या फेरीवाल्याचा आवाज येत होता, निखिलने दोनदा घड्याळ बघितलं. मग काकू खाली बघूनच म्हणाल्या, "मी अरुंधती."

रेवतीने वळून बघितलं त्यांच्याकडे. "पण आई, तुम्ही तर सासू ना?"

"मी कुठली गं सासू," काकू म्हणाल्या. "माझ्या सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. पंच्याऐंशी साली लग्न झालं, त्या असेपर्यंत मी सूनच होते. एकतीस वर्षं. पोळी-भाजी केंद्राच्या पोळ्या लाटून यायचे मी, दोनशे-दोनशे, घरी आल्यावर कोणी विचारलं नाही, बस जरा. ती अरुंधती सगळ्यांना वाढून एकटी जेवते ना, तेव्हा मला तू आठवतच नाहीस. मला मी आठवते."

खोलीत बसलेल्या आम्हा बाकी तिघांपैकी हे कोणालाच माहीत नव्हतं. मुलालाही नाही. रेवती दोन वर्षं ज्या नजरेला भीत होती ती नजर तिच्यावर नव्हतीच. त्या बाई टीव्हीत स्वतःला बघत होत्या आणि मध्येच दार उघडून कोणी आलं की त्या तंद्रीतून मान वळत होती, बस्स.

मग रेवती म्हणाली, आवाज जरा चढला होता, "पण मी दमून येते तर तुम्ही मान वरही करत नाही."

"तू आलीस की तडक किचनमध्ये जातेस. मी चहा ठेवायला उठले की म्हणतेस, राहू द्या आई. राहू द्या म्हणजे काय समजायचं मी? माझ्या हातचा नको?"

"तुमचे गुडघे दुखतात म्हणून म्हणते मी!"

आता बघा, हा 'राहू द्या' म्हणजे शुद्ध मालिकेतला प्रसंग आहे. अर्धं वाक्य ऐकायचं, उरलेलं आपण भरायचं, आणि विचारायचं नाही. फरक इतकाच की मालिकेत ते मुद्दाम करतात. रोज वीस-बावीस मिनिटं भरायची असतात, दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, लेखक बिचारे देव पाण्यात घालून बसलेले. नायिकेने 'तू काल असं का म्हणालास?' एवढं सरळ विचारलं तर तीन महिन्यांचा ट्रॅक त्याच दिवशी संपेल. म्हणून 'होणार सून मी ह्या घरची' मधल्या जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं की लोक जोक करून थकले, आणि 'क्योंकि'मधला मिहीर मेला तर प्रेक्षकांनी आरडाओरडा करून परत आणवला. तिथे गैरसमज टिकवणं हा धंदा आहे. आपल्याला त्याचे पैसे मिळत नाहीत तरी आपण दोन-दोन वर्षं फुकट टिकवतो.

निखिलला मी विचारलं, "आठ वाजता तुम्ही कुठे असता?" तो म्हणाला, "बेडरूममध्ये, कॉल चालू असतात." मी म्हटलं मालिकेतला हिरोपण असाच असतो, घरात रामायण झालं की नेमका मीटिंगला. यावर काकू पहिल्यांदा हसल्या. तो हसला नाही, आणि खरं सांगते मला ते बरं वाटलं. सासू-सुनेची म्हणून जी केस माझ्याकडे येते ती बहुतेक वेळा मुलाच्या गप्प राहण्याची केस असते. पुढचे दोन सेशन मी त्याच्याबरोबरच घेतले, ते त्याचं त्याच्याकडे राहू दे.

ज्यांनी मला मेसेज केलेत त्यांना सांगते, रिमोट लपवू नका. घरातल्या मोठ्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा तीन तास स्वतःसाठी घेतलेत, ते काढून घेतलेत तर तुम्ही खरोखरच खलनायिका व्हाल. त्यापेक्षा आठवड्यातून एखादा एपिसोड शेजारी बसून बघा आणि विचारा, तुम्हाला यातलं कोण आवडतं, तिच्या जागी तुम्ही असता तर? स्वतःबद्दल बोलायची सवय नसलेली बाई अरुंधतीबद्दल तासभर बोलेल आणि त्यातलं निम्मं स्वतःचंच असेल. १९९९ साली 'आभाळमाया' आली तेव्हा माझी आई सुधा जोशीबद्दल असंच बोलायची, आणि मी तेव्हा अभ्यासाचं पुस्तक घेऊन आत जायचे. आता कळतं.

हां, पण एका बाबतीत मालिकांवर अजिबात विश्वास ठेवू नका. तिथे सोफ्यावर बसून 'डिव्होर्स पेपर्स'वर सही केली की घटस्फोट, आणि माझ्याकडे खरोखर बायका येतात हो, घाबरून, "त्याने सही घेतली, आता झालं का?" झालं नाही. परस्परसंमतीनेसुद्धा आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग अर्ज, मग साधारण सहा महिने थांबणं (कोर्ट कधी कधी ते माफ करतं), आणि बांद्र्याच्या फॅमिली कोर्टात जाऊन न्यायाधीशांसमोर सांगणं. पहिली बायको असताना केलेलं दुसरं लग्न तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात लग्नच नाही, वर गुन्हा आहे. मंडपात किती का नारळ फुटेनात. आणि मारहाण होत असेल तर 'सहन करणारी जिंकते' हे डोक्यातून काढा, तिथे शेजारी बसून मालिका बघायचा सल्ला लागू नाही, सरळ मदत मागा.

लग्न ठरलेल्या मुलींना एवढंच, मालिकेत हळद, मेंदी, संगीत तीन आठवडे चालतं आणि नंतर कोणी गॅस सिलेंडर बुक करताना दिसत नाही. तुम्ही लग्नाआधी सिलेंडरचं बोला. पगार कोणाच्या खात्यात, आठवड्याची सुट्टी कोणाकडे, आईबाबांना पैसे पाठवायचे का. मुलगा या प्रश्नांनी चिडला तर तेही आधीच कळलेलं बरं.

रेवतीचं घर काही गोकुळ झालं नाही. भांडणं होतात, मोरीत ओले कपडे कोण ठेवतं यावर परवाच झालं म्हणे. पण 'राहू द्या' म्हटलं की आता काकू विचारतात, "गुडघ्याचं राहू द्या की माझं राहू द्या?"

शेवटच्या सेशननंतर मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. लिफ्टचं दार ओढता ओढता काकू थांबल्या. "एक सांगू का मॅडम, तुम्ही काहीही म्हणा, ती संजना मला अजिबात आवडत नाही."

"मलापण नाही," रेवती म्हणाली, आणि त्यांच्या हातातली पिशवी घेऊन आत शिरली.