सुरांची चावडी : व्याह्यांपुढे कोणतं जपानी गाणं म्हणू?

प्रश्न : माझा मुलगा नागोयाला कंपनीत आहे. त्यानं तिथलीच मुलगी केली. लग्न आम्ही फोनवरच पाहिलं. आता मार्चमध्ये मी आणि मंडळी पहिल्यांदा जाणार आहोत. पोरगा म्हणते, व्याही कराओकेचे लय शौकीन आहेत, बाबा, तुम्हाला एक तरी जपानी गाणं म्हणावंच लागेल. त्यानं ‘प्रिटेंडर’ नावाचं गाणं पाठवलं. मी म्हणून पाहिलं तर गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. वय ६१. गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवतो, गळा भजनाचा आहे. काय म्हणू?
– एक कापूसवाला, समुद्रपूर तालुका

उत्तर : भाऊ, पोराला सांगा, ते गाणं तुझं तुला लखलाभ. २०१९चं आहे, आवाज पार शेंडीला नेऊन बांधावा लागतो. गायीचा काही दोष नाही.

तुम्ही ‘कितागुनी नो हारू’ घ्या. म्हणजे उत्तरेकडचा वसंत. सेन मासाओ यांनी १९७७ साली गायलं. शहरात राहणाऱ्या गावाकडच्या माणसाचं गाणं आहे. शहरात पोराला ऋतू बदललेला कळत नसेल, म्हणून आई गावाहून छोटंसं गाठोडं पाठवते. शेवटच्या कडव्यात थोरला भाऊ आणि बाप येतात. दोघंही सारखेच अबोल. कधीमधी सोबत बसून घोटभर घेत असतील का, असं त्याला वाटतं. (आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे हे कडवं इथं जरा हळू म्हणायचं.)

कोबेला मी नऊ वर्षं फिटर म्हणून काढली. तिथं गल्लीबोळात ‘सुनाक्कु’ असतात. आठ-दहा खुर्च्यांचं पिण्याचं दुकान, गल्ल्यावरच्या बाईला सगळे ‘मामा’ म्हणतात, कोपऱ्यात कराओकेचं यंत्र. एका रात्री गोदीतून निवृत्त झालेला एक म्हातारा हेच गाणं म्हणत होता. गाठोड्याच्या ओळीवर त्यानं पडद्यावरची नजर काढली आणि डोळे मिटले. माझ्या आईनं त्याच महिन्यात कुणासोबत तरी जवसाची चटणी पाठवली होती, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून. तेल पाझरून माझ्या कागदपत्रांवर उतरलं होतं. तेव्हा मला अर्ध्याच शब्दांचा अर्थ कळत होता, पण पुरला.

चाल तुम्हाला जड नाही. सा रे ग प ध, मध्यम-निषाद वगळलेले. म्हणजे आपल्या भूपाचेच सूर. पेटीवाल्याला दोनदा ऐकवा, तिसऱ्यांदा तो वाजवेल. या धाटणीच्या गाण्यांना ‘एन्का’ म्हणतात आणि त्यात आवाज किंचित हलवून घेतात, त्याला ‘कोबुशी’. भजनात आपण जी हरकत घेतो ना, तीच. फक्त आवरून घ्या. तिथं आलाप सुरू केला तर यंत्र पुढे निघून जाईल.

शब्द देवनागरीत लिहून काढा. जपानीतला ‘त्सु’ हिंदीवाल्यांना छळतो, आपल्याला नाही, तो आपल्या चुलीतला ‘चु’ आहे. गाठोड्याच्या ओळीत ‘चिसाना त्सुत्सुमी’ असं येतं : पहिला ‘चि’ चिंचेतला, पुढचे दोन्ही चुलीतले. एवढं जमलं की अर्धी लढाई जिंकली.

मी पहिल्यांदा यंत्रानं दिलेल्या पट्टीतच गायलो आणि वरच्या सुराला आवाज फाटला. कुणी हसलं नाही, उलट टाळ्या वाजवल्या. ते जास्त लागलं. मागाहून मामानं दाखवलं, रिमोटवर पट्टी खाली-वर करता येते. तुम्ही सरळ म्हणा, ‘की सागेते कुदासाई’, पट्टी उतरवा. दोन-तीन घरं उतरली की भजनाचा गळा मोकळा होतो.

पाठांतर अगदीच होत नसेल तर किताजिमा साबुरो यांचं ‘योसाकु’ आहे, १९७८चं. लाकूडतोड्या लाकडं तोडतो, ‘हेइ हेइ हो’; बायको मागावर कापड विणते, ‘तोन तोन तोन’. कापूसवाल्याला आणखी काय पाहिजे!

‘उए ओ मुइते आरुको’ही सुचवलं असतं. क्यु साकामोतोचं, १९६१चं. १९६३ साली अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं, तेही जपानी शब्दांसकट. पण त्यात मध्येच शिट्टी आहे आणि कवळी असेल तर शिट्टी दगा देते.

खंजिरी घरीच ठेवा. तुकडोजी महाराज १९५५ साली जपानला जाऊन आले हे व्याह्यांना जरूर सांगा, पण कराओकेच्या खोलीत टॅम्बोरिन असतेच, खंजिरीचीच बहीण. व्याही गात असताना ठेका हलका धरा. तुमचा हात तयार आहे, त्यांचं गाणं खाली दाबून टाकाल. आणि एक गाणं झालं की माईक पुढे द्यायचा, आपल्याकडे एकदा हातात आला की सोडत नाहीत तसं नाही.

यूट्यूबवर शोधताना इतरांनी गायलेलेही बरेच सापडतील. कपाळावर मोठा तीळ दिसला की समजा, सेन मासाओ तोच.