२५ मीटर स्पोर्ट पिस्तूलचा ट्रिगर हलका करून आणि साइट बदलून गुण वाढतील का?

ट्रिगर हलका करून वाढणार नाहीत, पण तो नीट बसवून आणि साइट, म्हणजे नेम धरायची माशी आणि खाच, डोळ्याला जुळवून नक्की वाढतील. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमानुसार या प्रकारात ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा लागतो. मी स्पर्धांत शस्त्र तपासणीच्या टेबलावर बसतो. तिथे नळी उभी धरून ट्रिगरने वजन उचलतात, आणि अगदी १००० ग्रॅमवर ठेवलेली पिस्तुलं तिथेच अडकतात. म्हणून थोडं जास्तच ठेवा. खरा फरक पडतो तो तीन गोष्टींनी: ट्रिगर पुढेमागे सरकवून बोटाचं पहिलं पेर सपाट टेकवणं, ट्रिगरच्या दाबाचा पहिला टप्पा आणि तो सुटण्याचा क्षण यांतला फरक बोटाला स्पष्ट कळणं, आणि सुटल्यावर ट्रिगर मागे फार न जाणं. हे सगळं कंपनीने दिलेल्या स्क्रूंनी होतं, मॅगझिन काढून आणि चेंबर रिकामं तपासून. आतले भाग कधीही घासू नका. त्या भागांची एकमेकांवरची पकड कमी झाली तर एका दाबात दोन गोळ्या सुटू शकतात. ते काम परवानाधारक कारागिराचंच. साइटमध्ये पुढच्या माशीच्या दोन्ही बाजूंना मागच्या खाचेत पुरेसा उजेड दिसू द्या. रॅपिडला, म्हणजे झटपट फेरीत, दर वेळी तीन सेकंदांत एक गोळी मारायची असते, तिथे अरुंद फट डोळ्याला छळते. प्रिसिजनला, म्हणजे सावकाश नेमाच्या फेरीत, लक्ष्यावरच्या काळ्या वर्तुळाच्या खाली आणि रॅपिडला मधोमध नेम धरत असाल, तर दोन्हींसाठी साइटच्या स्क्रूच्या क्लिक लिहून ठेवा. मात्र तुम्ही अगदी नवे असाल, तर आधी ग्रिप (पिस्तुलाची मूठ) हाताला बसवून घ्या. ती चुकीची असेल तर बाकी काहीच टिकत नाही.